गाडी बदलायचं चाललंय

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा गृहस्थ भेटतो. वय पन्नाशीकडे झुकलेलं, उंची पाच-पाच, जुन्या पल्सरला टेकून उभा. काय म्हणताय, असं सहज विचारावं तर उत्तर ठरलेलं: ‘गाडी बदलायचं चाललंय.’ हे २०१६पासून चाललंय. त्या वर्षी रॉयल एन्फिल्डनं पहिली हिमालयन आणली आणि याच्या डोक्यात जे लडाख शिरलं ते अजून निघालेलं नाही.

अपेक्षा तशा माफक. गाडीनं रोज सिंहगड रोडच्या गर्दीतून शिवाजीनगरला ऑफिसला न्यावं, मागं बसून बायकोची पाठ धरू नये, ॲव्हरेज पन्नासच्या खाली येऊ नये आणि वर्षातून एकदा सामानासकट खारदुंगला चढावं. हे सगळं एकाच गाडीनं करायचं, कारण पार्किंगमध्ये जागा एकच आहे. बाकी तयारी चोख. रायडिंग जॅकेट, नी-गार्ड, पावसाळी बूट, सॅडल बॅगा, सगळं दिवाणात घड्या घालून ठेवलंय. हे अंगावर चढवून तो दूध आणायला जात नाही, एवढीच मेहरबानी.

टेस्ट राइडला मात्र नेमानं जातो. एकदा नव्या हिमालयनवर बसला. सीट ८२५ मिलिमीटरवर. डावा पाय टेकवावा तर उजवा लोंबकळतो, उजवा टेकवावा तर डावा. शोरूमचा पोरगा म्हणाला, ‘काका, एक पाय टेकला तरी चालतं. होते सवय.’ त्या ‘काका’नं चेहरा उतरला, तरी त्यानं चौकापर्यंत चक्कर मारून आणली. पुढं जायला काहीच अडचण आली नाही. अडचण आली ती मागं घेताना. १९६ किलोची गाडी शोरूमसमोरच्या चढावर, चवड्यांवर उभं राहून, इंचाइंचानं मागं रेटताना कपाळावर जो घाम आला तो बघून वहिनींनी एवढंच विचारलं, ‘अहो, आपल्या पार्किंगमधून ही रोज काढायला कोण येणार?’

तरीही मनाचा हिय्या करून तो हिमालयनच्या त्या ४५२ सीसीवर आला होता. तेवढ्यात २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे नवे दर लागू झाले. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर २८चे १८ टक्के झाले. त्यावरच्यांवर सेस धरून ३१ होते, ते थेट ४०. गडी परत ३४९वर! दुसरा कोणी वैतागला असता. हा खूश, पुन्हा सगळं पहिल्यापासून बघायला मिळणार.

ताशी १२०च्या वेगात हँडल थरथरतं का, हा त्याचा लाडका प्रश्न. पेट्रोलपंपावर अनोळखी माणसाला गाठूनही विचारतो. आता १२०नं पळवणार कुठं? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. समृद्धीवर बंदी. अटल सेतूवरही बंदी. उरला जुना हायवे, तिथं लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांपुढं लावलेल्या मोटारींतून वाट काढायची. आणि घाटात म्हणाल, तर दोन्ही बाजूंना किटल्या अडकवलेला दूधवाला शंभर सीसीच्या गाडीवरून, पायात चप्पल, भर वळणावर सगळ्या ॲडव्हेंचरवाल्यांना मागं टाकून जातो. माझं मत विचाराल, तर सह्याद्रीत फिरायला गाडी कुठली घ्यावी हे त्या दूधवाल्याला विचारावं. पण दूधवाल्याला टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये सांगता येत नाही, तिथं आमच्या गृहस्थांचा विश्वास उडतो.

खरी खीळ घालतो तो मेकॅनिक. पल्सरचे किती येतील हे विचारायला हा गॅरेजमध्ये जातो. मेकॅनिक किक मारून आवाज ऐकतो, चेन बोटानं उचलून बघतो आणि म्हणतो, ‘कशाला विकताय साहेब? चेनसेट टाका, क्लचप्लेट टाका, पाच वर्षं बघायला नको.’ साहेब चेनसेट टाकतात. मग नवाकोरा चेनसेट टाकलेली गाडी लगेच कशी विकायची? निदान तो वसूल तर व्हायला हवा!

गेल्या दसऱ्याच्या आधी वहिनी भाजी आणायला म्हणून गेल्या आणि येताना स्कूटर बुक करून आल्या. निकष दोनच: दोन्ही पाय टेकतात आणि पिशवी पुढं राहते. हल्ली ऑफिसला हा तीच नेतो. तेव्हा वाचकांपैकी कोणाला चालू स्थितीतली, चेनसेट नवा असलेली पल्सर हवी असेल तर जरूर येऊन बघा. किंमत जमण्यासारखी आहे. फक्त दोन तास मोकळे ठेवून या, आणि तुमची स्वतःची दुसरी कुठली गाडी घ्यायची ठरली असेल तर ते त्याला सांगू नका, ठरलेलं मोडेल.