मुंबई-न्यू यॉर्क अंतर मोजण्याची शास्त्रोक्त कृती

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या पुणेकर जोडप्याला सोसायटीच्या जिन्यात पहिला प्रश्न येतो : "किती तास लागतात हो?" यावर "सोळा" एवढे सांगून मोकळा होणारा माणूस या विषयात कच्चा आहे, असे खुशाल समजावे. अभ्यासू माणसाने ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीचा गोल, शिवणाचा दोरा आणि फूटपट्टी घेऊन बसावे. निघायला दोन दिवस असले तरी चालेल. बॅगा काय, कोणीतरी भरतेच.

भिंतीवरच्या सपाट नकाशाला हात लावू नये. त्यावर पट्टीने रेघ ओढली तर ती सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, मोरोक्को करत अटलांटिकमध्ये उतरते आणि दिसते अगदी सरळ. प्रत्यक्षात हा द्राविडी प्राणायाम सुमारे १४,२०० किलोमीटरचा आहे.

आता गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणावा. तो वायव्येला चढतो, सिंध, अफगाणिस्तान आणि तुर्कमेनिस्तान ओलांडून रशियात शिरतो, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून निघतो, आइसलंडवरून जातो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून कॅनडामार्गे न्यू यॉर्कला येतो. दोरा साधारण साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो. अशा गोलावर एका सेंटिमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर, म्हणजे अंतर झाले साडेबारा हजार. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशातून गेलेली ही वाकडी वाटच सर्वांत जवळची, हे घरच्यांना पटवण्यात एक संध्याकाळ सहज जाते.

ताशी ९०० किलोमीटरने भागल्यास उत्तर चौदा तास येते. ते वहीत लिहून ठेवावे. त्याचा पुढे काही उपयोग नाही.

कारण दोऱ्याला व्हिसा लागत नाही. रशियाने २०२२ मध्ये अमेरिकी आणि युरोपीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, म्हणजे आपल्या दोऱ्याची सुरुवातीचीच वीत कापली गेली. विमान मग अरबी समुद्रावरून वळसा घेते. शिवाय दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह नावाचा जोरकस वारा वाहतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी. म्हणून जायला सोळा तास लागले तर यायला तास-दीड तास कमी लागतो, आणि हिवाळ्यात वारा तेज झाला की तफावत आणखी वाढते.

घड्याळावर विश्वास ठेवणाऱ्याची तर फारच फजिती. हिवाळ्यात मुंबईहून रात्री एकला निघालेले सोळा तासांचे विमान न्यू यॉर्कला त्याच दिवशी सकाळी साडेसहाला टेकते : प्रवास साडेपाच तासांचा! परतताना तिथून सकाळी अकराला निघून साडेचौदा तास उडाले, की मुंबईत दुसऱ्या दिवसाचे दुपारचे बारा वाजलेले असतात. पंचवीस तास. त्यातला विमानाचा दोष किती आणि साडेदहा तासांच्या फरकाचा किती, हे जेवणाच्या टेबलावर काढू नये.

खरा हिशेब पुण्याच्या ओट्यापासून न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओट्यापर्यंत करावा. द्रुतगती मार्ग आणि मुंबईतली गर्दी धरून सहार विमानतळापर्यंत चार तास, उड्डाणाआधीचे तीन, हवेतले सोळा, तिकडच्या रांगा आणि लोणच्याच्या बरणीबद्दलची चौकशी दीड, वर गाडीचा तासभर. बेरीज साडेपंचवीस. जिन्यात विचारणाऱ्यांना "एक दिवस आणि वर थोडे" असे सांगावे.

पोचल्याचा फोन मात्र विसरू नये. न्यू यॉर्कला सकाळचे सात म्हणजे पुण्यात हिवाळ्यात संध्याकाळचे साडेपाच. मार्च ते नोव्हेंबर तिकडची घड्याळे तासभर पुढे असतात, तेव्हा साडेचार.