खिंडीतला सत्कार

२ फेब्रुवारी १६६१ रोजी मोगल सरदार कारतलबखानाची फौज शिवाजी महाराजांच्या सैन्याकडून उंबरखिंडीत कोंडली गेली, कारण त्याने जागा ओळखली नाही. लढाई जिंकून दिली ती खिंडीने. पण आपल्या विजयदिनांच्या पत्रिकेत पाहुणे, सत्कारमूर्ती, अल्पोपाहार असे सगळे असते, खिंडच नसते. शाल-श्रीफळाशिवाय गर्दी जमत नाही, असे आयोजक म्हणतात. वर्गणीपुरते ते खरेही असेल. पण स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना २ जानेवारी १९४३ रोजी जिथे वीरमरण आले, त्या सिद्धगडाच्या रानात कर्जतची माणसे दरवर्षी जातात, ती नारळासाठी नव्हे. तेव्हा भाषणे निम्मी करा आणि पाहुण्यांना चावणी गावाहून खिंडीत चालवा. कारतलबखानाने तरी शेवटी सोबतच्या सरदार रायबागनचा शरण जाण्याचा सल्ला ऐकला होता.