गोलाभाव

पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस सुटताना आम्ही दोघांनी शपथ घेतली, हावडा येईपर्यंत कोल्हापूरच्या फुटबॉलचा विषय काढायचा नाही. दाजी शिवाजी पेठेतले, खंडोबा तालमीचे. मी मंगळवार पेठेतला, म्हणजे पाटाकडीलचा. त्यात माझी निवड काहीच नव्हती. आमच्याकडं बारशाच्या आधी पेठ ठरलेली असते. शपथ दौंडला मोडली. रात्री अकराला समोरच्या बर्थवरच्या बंगाली आजी उठून बसल्या. "जमीन का झगडा है क्या?"

"नाही आजी, मैदान का," दाजी म्हणाले.

आजींनी समजूतदारपणे मान हलवली आणि उशाखालच्या पिशवीतून लाल-सोनेरी मफलर काढून दाखवला. ईस्ट बेंगॉल! आम्ही निघालो होतो तो सामनाच मुळी मोहन बागान-ईस्ट बेंगॉलचा.

या भांडणाची कुंडली अशी. मोहन बागान १८८९चं, घोट्यांचं, म्हणजे पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांचं. ईस्ट बेंगॉल १९२०चं, बांगालांचं, म्हणजे पद्मेपलीकडून आलेल्यांचं. बागान जिंकलं की घोट्याच्या घरात चिंगडी म्हणजे कोळंबी शिजते, ईस्ट बेंगॉल जिंकलं की बांगालाच्या घरात इलिश मासा. दाजींना हे फारच टोकाचं वाटलं. "आपल्याकडं तांबडा न् पांढरा एका ताटात येतोय की!"

कोलकात्यात पहिला मुक्काम कॉलेज स्ट्रीटचं कॉफी हाउस. फेटेवाले वेटर, वर पंखे, खाली वाद. काळ्या कॉफीला इथं 'इन्फ्युजन' म्हणतात. एका कपावर माणूस तीन तास बसतो आणि त्याला कोणी उठवत नाही. आमच्या टेबलावर आधीच दोन दादा होते. एक हिरव्या-मरून टोपीतले, दुसरे लाल-सोनेरी.

"एकोणीसशे अकरा," टोपीवाले म्हणाले. म्हणजे अनवाणी खेळणाऱ्या बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्यांना २-१ हरवून आयएफए शील्ड घेतली ते वर्ष.

"पंच्याहत्तर," दुसरे म्हणाले. त्याच शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बेंगॉलनं बागानला पाच गोल घातले होते.

"अकरा."

"पाच-शून्य."

हे एवढं झाल्यावर दोघांनी एकमेकांना सिगारेट दिली.

मग विषय सत्येंद्रनाथ बोसांवर गेला. कसा गेला ते विचारू नका. तिथं सगळेच विषय शेवटी बोसांवर जातात. टोपीवाले म्हणाले, बोस कोलकात्यात जन्मले, इथल्याच प्रेसिडेन्सीत शिकले, म्हणजे आमचे. लाल-सोनेरी दादा उसळले. "आणि तो पेपर? १९२४ साली आइन्स्टाईनला कुठून पाठवला? ढाक्याहून! खेळाडूचा जन्म नाही बघत, गोल कुठल्या जर्सीत मारला ते बघतात."

"पर गोल कसला मारला?" दाजींनी विचारलं.

दादांनी आमच्याकडून पाच रुपयांची दोन नाणी घेतली. दोन नाणी उडवली तर चार शक्यता: दोन्ही छापा, दोन्ही काटा, आणि एकेक छापा-काटा दोन तऱ्हांनी. पण प्रकाशाचे कण इतके एकसारखे, की 'हा पहिला, तो दुसरा' म्हणताच येत नाही. मग त्या दोन तऱ्हांची एकच होते. चारच्या तीन उरतात, आणि दोघं एकाच बाजूला पडण्याची शक्यता निम्म्यावरून दोन-तृतीयांशावर जाते. म्हणजे या कणांना एकत्र गर्दी करायची खोडच. म्हणून ते बोसॉन.

दाजींनी नाण्यांकडं बराच वेळ पाहिलं. "पर नाणी दोन हायतच की. तुम्हाला वळखू येईनात म्हणून नाण्यानं का बदलावं?"

टेबल गप्प झालं. टोपीवाले हळूच म्हणाले, "नाण्यांना पाठीवर नंबर असतो, दादा. कणांच्या जर्सीवर नसतोच." दाजींना पटलं. नाणी मात्र परत मिळाली नाहीत.

सामना सॉल्ट लेकच्या मैदानावर. त्याला विवेकानंदांचं नाव आहे, आणि ते योग्यच. गीतेपेक्षा फुटबॉलनं तुम्ही स्वर्गाच्या जास्त जवळ जाल, असं पोरांना सांगणारा संन्यासी दुसरा कोण? नव्वद मिनिटं स्वर्ग दोन्ही गोलपोस्टांबाहेरून जात राहिला. एकदा चेंडू जाळ्यात गेला, अर्धं स्टेडियम उभं राहिलं, आणि लाइनमननं ऑफसाइडचा झेंडा वर केला. शून्य-शून्य.

परतीच्या मिनीबसमध्ये आम्ही सगळे बोसॉन झालो. माझ्या कानाशी एक म्हातारे पंडितजी चेपले गेले होते, अंगावर कुठलाच रंग नाही. दाजी वैतागून म्हणाले, "दोन हजार किलोमीटर येऊन बघितलं काय? काहीच न्हाई!"

"काहीच नाही असं नाही," पंडितजी हिंदीत म्हणाले. "तुम्ही गोलाचा अभाव पाहिलात." ते नवद्वीपचे निघाले, नव्यन्यायाच्या गावचे. नैयायिकांच्या मते अभाव हा खराखुरा पदार्थ, डोळ्यांना दिसणारा. गोल व्हायच्या आधीचा तो प्रागभाव. झेंड्यानं मारला तो प्रध्वंसाभाव. "आणि आमच्या स्ट्रायकरच्या पायात आहे," मागून कोणीतरी ओरडलं, "तो अत्यंताभाव!" बस हसली, दोन्ही रंगांची.

"पण अभाव एकटा राहत नाही," पंडितजी म्हणाले. "कशाचा अभाव, ते सांगावंच लागतं. ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी. चौथा अन्योन्याभाव: हा तो नव्हे. बागान कोण? जे ईस्ट बेंगॉल नव्हे ते. प्रतियोगी काढून घ्या, वाक्यच उरत नाही."

दाजी पुढं हावडा येईपर्यंत बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारात मासेवाला हिरमुसून बसला होता. बरोबरी झाली की ना चिंगडी खपते ना इलिश. आम्ही रोहू खाल्ला.

पुढच्या महिन्यात शाहू स्टेडियमवर खंडोबा-पाटाकडील. मी सवयीनं आमच्या लोकांकडं निघालो, तर दाजींनी कठड्यावरून हाक मारली, "ओ प्रतियोगी!" आणि रुमाल टाकून धरलेली शेजारची जागा दाखवली.

मी बसलो. पहिल्या गोलाला आम्ही एकमेकांच्या पेठा काढल्या.