तुले नेमकं काय आवडते वं?

बेताच्या पोराचं एक बरं असतं. त्याचं पुढं काय करायचं हे आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपुरात कुणालाही विचारा, एसटी स्टँडवरचा चहावालासुद्धा सांगेल: आयटीआय, नाही जमलं तर पोलीस भरती, तेही नाही तर बापाचं दुकान. घोर असतो तो हुशार पोरांचा. त्यातही पोर हुशार असून तिला सगळंच आवडत असेल, तर घरात धड वरणाला फोडणीही पडत नाही. कढई चुलीवर ठेवून मंडळी करिअरवर बोलत बसतात.

माझी भाची ही अशी. दहावीला ९६ टक्के. शेतातल्या मोटारीचं स्टार्टर बसलं की वायरमनच्या आधी हाक हिला. भजनात खंजिरी हीच वाजवणार, नाटकात सासू हीच होणार. गेल्या वर्षी आम्ही सगळे गिरडला गेलो. तिथं टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे आणि टेकडीवर फळांसारखे गोलगोल दगड सापडतात. कुण्या व्यापाऱ्यानं बाबांची टिंगल केली, तर बाबांनी त्याच्या नारळांचे दगड करून टाकले, अशी गोष्ट आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. लोक त्या दगडांना हात जोडतात. हिनं एक ओढणीत बांधून घरी आणला आणि वरवंट्यानं फोडला. ‘मामा, हे झिओलाइट आहे. लाव्ह्याच्या खडकात होते.’ आजीनं त्या दिवशी तिच्या हातचा चहा घेतला नाही. लाव्हा चालला असता, पण वरवंटा आजीचा होता.

तर अशा पोरीला कॉलेज शोधायचं. घरात तज्ज्ञ मी, कारण जाम चौरस्त्याच्या पलीकडं जाऊन शिकलेला मी एकटा. शिकलो ते बी.कॉम., पण नागपूरला.

जेईई मेनचा निकाल आला: ९८ पर्सेंटाइल. आबाजींनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, पेढे मागवले. मी म्हटलं, आबाजी, आयआयटीचं अवघड दिसते. आबाजी भडकले. ‘काहून बाप्पा? शंभरातले अठ्ठ्याण्णव, दोनच तं मार्क गेले!’ त्यांना पर्सेंटाइल समजावून सांगताना माझा घसा सुकला. परीक्षेला देशातून १४-१५ लाख पोरं बसतात. ९८ पर्सेंटाइल म्हणजे त्यातली ९८ टक्के हिच्या बरोबरीनं किंवा मागं. उरलेले दोन टक्के पुढं. ते दोन टक्के म्हणजे २८-३० हजार डोकी होतात, आणि २३ आयआयटी मिळून जागा १८ हजारांच्या आसपास. शिवाय तिथं पोचायला जेईई अ‍ॅडव्हान्स्ड नावाचा दुसरा घाट चढावा लागतो. आबाजींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘म्हणजे आपल्या पुढं पूर्ण समुद्रपूर उभं हाय. अन् तेही एकदाच नाही.’ इतकं नेमकं मला सांगता आलं नव्हतं.

मग सल्ले सुरू झाले. सल्ला देणाऱ्याचं पोरगं जिथं शिकतं तेच कॉलेज देशात उत्तम, हा नियम विदर्भात तरी मोडलेला मी पाहिला नाही. काकू म्हणाली, डॉक्टर कर; सेवाग्राम एसटीनं जाऊन येण्याजोगं. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९चं, सुशीला नायर यांनी काढलेलं, पोरांनी खादी घालायची असा तिथला शिरस्ता. काकूला खादी पसंत पडली, कपड्यांचा खर्च वाचतो म्हणून. पण तिथं जायला ‘नीट’ परीक्षा द्यावी लागते, आणि पोरीनं बायोलॉजी घेतलेली नाही, हा तपशील काकूच्या लेखी किरकोळ होता. ‘घेऊन टाकते आता, त्यात काय!’

शेजारच्या गुरुजींनी तिला समोर बसवलं आणि डोळे बारीक करून विचारलं, ‘तुले नेमकं काय आवडते वं?’ ती म्हणाली, दगड, मोटारी, गणित, खंजिरी. गुरुजींनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं पोरीला कावीळ झाली आहे आणि मी लपवून ठेवली.

वास्तविक आमच्या जिल्ह्याला करिअर मार्गदर्शनाची थोर परंपरा आहे. वर्ध्याच्या जी. एस. कॉमर्स कॉलेजातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक ठाकुरदास बंग पुढं शिकायला अमेरिकेला निघाले होते. जाताना आशीर्वाद घ्यायला गांधीजींकडं गेले. अर्थशास्त्र शिकायचं तर खेड्यात जा, एवढंच गांधीजी म्हणाले, आणि अमेरिका रद्द झाली. फी नाही, अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट नाही, दुसरी भेट नाही. पुढं त्यांच्या दोन मुलांनी शाळकरी वयातच आपसात वाटणी करून टाकली: खेड्याला शेती लागते आणि आरोग्य लागतं, तर अशोकनं शेती घ्यायची, अभयनं आरोग्य. अभय बंग शिकले सेवाग्रामच्या नई तालीममध्ये. वर्ध्याला १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेतून ही पद्धत निघाली. तिथं शेतात राबणं, सूत कातणं, स्वयंपाक आणि गणित ही सगळी अभ्यासातच. म्हणजे सगळंच आवडणं हा तिथं आजार नव्हता, अभ्यासक्रम होता. पुढं अभय बंग नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात गेले, नंतर थेट अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सला, आणि परत येऊन गडचिरोलीत बसले. हे सगळं मी रंगवून सांगितलं. बहीण म्हणाली, ‘दादा, गांधीजी आता नाहीत, अन् असते तरी हिनं त्यांनाच दहा प्रश्न विचारले असते.’

शेवटी पोरीनंच वही काढली. पहिलं नाव पुण्याचं आयसर. तिथं सुरुवातीला भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र, पृथ्वीविज्ञान असं सगळं शिकवतात आणि नेमकं काय आवडतं ते नंतर विचारतात. त्याची प्रवेश परीक्षा वेगळी. दुसरं नागपूरचं व्हीएनआयटी, कारण तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांना. कॉम्प्युटरचं नाव तिनं स्वतःच खोडलं आणि मायनिंग लिहिलं. आजी किंचाळली, ‘पोट्टी खाणीत उतरन?’ उतरेल. २०१९ साली बायकांना जमिनीखालच्या खाणीत दिवसपाळीला तांत्रिक आणि देखरेखीची कामं करायची मुभा मिळाली. तिसरं पुण्याचं सीओईपी, चौथं नागपूरचं एलआयटी, पाचवं वर्ध्याचं बजाज सायन्स कॉलेज. शेवटचं नाव वाचून आबाजींचा चेहरा पडला. ती म्हणाली, ‘आबाजी, तिथं जावं लागलं तरी मी रडणार नाही, म्हणून लिहिलं.’

खरी मारामारी झाली ती राज्याच्या सीईटीच्या पसंतीक्रमावरून. काकांचं म्हणणं, मोठं कॉलेज वर लिहिलं की पहिला नंबर वाया जातो आणि खालचं हातचं सुटतं. तसं होत नाही. यंत्र वरून खाली बघत येतं, जिथं मेरिट बसतं तिथं जागा देतं. वरचं नाही लागलं म्हणून खालच्याचा हक्क जात नाही. उलट आता पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, म्हणजे शेजाऱ्याला दाखवायला वर लिहिलेलं नाव गळ्यात पडू शकतं. काकांनी हे ऐकून घेतलं आणि स्वतःच्या पोराच्या वेळचा किस्सा पुन्हा पहिल्यापासून सांगितला.

यादी पाच नावांची राहिली आहे. पाचातलं एकही मामानं घातलेलं नाही, म्हणून ती बरी आहे असं माझं मत. तुमच्या घरी यंदा बारावी असेल, तर गेल्या वर्षीचे कटऑफ आपल्या प्रवर्गाचे बघा, फॉर्म भरून देणाऱ्या पोराला पासवर्ड देऊन चहाला जाऊ नका, आणि डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअरचे अर्ज निकालाच्या आधीच टाका. सल्ल्यांची काळजी करू नका, ते घरपोच येतात.