जोगेश्वरीत आकाश उतरवून घेण्याची रीत

ज्या गृहस्थास तारे पाहण्याची हौस आहे, आणि ज्याचे बिऱ्हाड जोगेश्वरी पूर्वेस, द्रुतगती महामार्गावरील दिव्यांच्या थेट माऱ्यात असल्यामुळे ती हौस भागण्याचा सरळ मार्ग कायमचा खुंटला आहे, त्याने प्रथम घरातील माळ्यावर चढावे. गच्चीवर नव्हे, गच्चीचा प्रश्न शेवटी येईल. माळ्यावर गणपतीचे मखर, पितळेचा बंब, ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेले कुकरचे झाकण आणि चिरंजीवांनी पहिला पगार हाती येताच अडगळीत टाकलेला लॅपटॉप अशा चार वस्तू सापडतील. त्यांपैकी शेवटची खाली घ्यावी व फडक्याने पुसावी. माझ्या वाट्यास आलेल्या यंत्राची रॅम एक जीबी, प्रोसेसर बत्तीस बिटांचा, बॅटरी सेवानिवृत्त, आणि कळफलकावरील ‘एम’ची कळ बेपत्ता होती. ते भंगारवाल्यास देऊन टाकण्याचा ठराव घरात बहुमताने संमत झाला होता. भंगारवाल्याने सांगितलेली रक्कम ऐकल्यावर तो तहकूब झाला.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, अंधाऱ्या जागी जावे. जोगेश्वरीत अंधार म्हणण्याजोगा अंधार एकाच ठिकाणी शिल्लक आहे, तो सहाव्या शतकातील लेण्यात. परंतु तेथे डोक्यावर आकाश नसून पाषाण आहे. खगोल मंडळाची मंडळी हौशी लोकांना रात्रभराच्या आकाशदर्शनासाठी वांगणीस नेतात हे खरे. पण दादरला गाडी बदलून कर्जत लोकल धरण्याचा ज्यांचा उमेदीचा काळ सरला, त्यांच्यासाठीच हे मार्गदर्शन आहे.

यंत्रास कारभारी लागतो. हल्लीचे कारभारी इतके स्थूल झाले आहेत की एक जीबीच्या ओसरीवर त्यांची पादत्राणेही मावू नयेत. म्हणून ‘पपी लिनक्स’ नामक कृश, मुक्त आणि बिनपगारी कारभाऱ्याची नेमणूक करावी. ऑस्ट्रेलियातील बॅरी काउलर या गृहस्थांनी तो २००३ साली प्रसिद्ध केला, व आपल्या चिमुकल्या चिवावा कुत्र्याचे नाव त्यास दिले. हा पेन ड्राइव्हवर मावतो, सुरू होताच सर्व बाडबिस्तऱ्यासह रॅममध्ये मुक्काम ठोकतो, आणि मग हार्ड डिस्क असली काय नि नसली काय, त्यास सोयरसुतक नाही. दाखल होताना तो भुंकतो. आमच्या घरी ही ललकारी रात्री अकरा वाजता उठली, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीव प्राण्यांविषयीचे सोसायटीचे कलम मला जिन्यात वाचून दाखविण्यात आले. सबब आवाजाचे बटण आधीच पाहून ठेवावे.

कृशतेस हिणवण्याचे मात्र कारण नाही. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावी गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ रचिला, तेव्हा त्यांच्यापुढील अडचण नेमकी हीच होती: ग्रहगणित अफाट, आणि गावोगावच्या जोशीबुवांची स्मृती, धूळपाटी व सवड बेताची. त्यांनी ज्या आणि कोज्या या दोघींना गणितातून सरसकट रजा दिली, आणि युगारंभापासूनच्या दिवसांची अवाढव्य रास डोक्यावर वाहण्याऐवजी अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे, चक्र कल्पून ती रास छाटून टाकली. एवढ्या सामग्रीवर महाराष्ट्रातील पंचांगे पुढे शतकानुशतके चालली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त या ग्रंथाचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. (दीक्षितही मुरूडचेच, पण दापोलीच्या मुरूडचे, या दोन मुरुडांची गल्लत करून मी एका लग्नाच्या पंगतीत शोभा करून घेतली आहे.) रॅम अपुरी पडते म्हणून कुरकुरणाऱ्याने त्या धूळपाटीचे स्मरण ठेवावे.

आता मुख्य विधी. ‘स्टेलॅरियम’ हे आकाशदर्शनाचे सॉफ्टवेअर फाबियँ शेरो या फ्रेंच गृहस्थांनी २००० साली लिहावयास घेतले. तेही मुक्त व विनामूल्य असून मूळ संचातच सहा लाखांवर तारे पदरात टाकते. आपल्या यंत्राच्या वयास शोभेल अशी त्याची जुनी आवृत्ती पपीच्या पॅकेज मॅनेजरात शोधून टिचकी मारावी, की दरखास्त दाखल झाली. परंतु दरखास्त दाखल होणे निराळे आणि मंजूर होणे निराळे, हे ज्याने एकदा तरी सातबाराचा उतारा काढला आहे त्यास सांगणे नलगे. येथे प्रत्येक पॅकेज दुसऱ्याचा जामीन मागते, दुसरे तिसऱ्याचा. ‘क्यूटी’ घराण्यातील झाडून सारी मंडळी हजर झाल्यावाचून खुद्द अर्जदाराचा पुकारा होत नाही. शिवाय कार्यक्रम आणि ताऱ्यांचे दप्तर ही दोन स्वतंत्र पॅकेजे आहेत. घाईत दुसरे राहून गेले तर वेधशाळा येते, आकाश येत नाही.

सर्व जामीन मिळाल्यावर कार्यक्रम उघडला, तेव्हा ‘ओपनजीएलची आवृत्ती अपुरी’ असा शेरा मारून तो बंद पडला. तिसऱ्या मजल्यावरील मुलगा अभियांत्रिकीस आहे, तो येऊन म्हणाला, “काका, ग्राफिक्स झेपत नाहीयेत. प्रोसेसरलाच रंगवायला लावा.” त्यासाठी टर्मिनलात एक हुकूम लिहावा लागतो, ज्याचा शेवट ‘स्टेलॅरियम’ या नावाने, म्हणजे दुर्दैवाने ‘एम’ या अक्षराने होतो. परंतु शेवटचे अक्षर गाळून टॅबची कळ दाबली असता यंत्र ते स्वतः पुरविते. पन्नास वर्षांच्या संसारात एवढा समजूतदारपणा मी अन्यत्र पाहिलेला नाही. यानंतर आकाश प्रकट होते. मात्र ते फिरवू जाता चित्र वक्री मंगळाच्या चालीने सरकते.

पायाखाली पाहावे तर फ्रान्समधल्या एका खेड्याचे हिरवे शिवार, कारण या सॉफ्टवेअरची जन्मभूमी ती. ‘जी’ची कळ दाबून ती जमीन सरकार जमा करावी आणि आपले ठाणे बदलावे. येथे मुंबई टंकावी तर ‘एम’, आणि जुन्या वळणाने बॉम्बे टंकावी तरी ‘एम’! तेव्हा आकडेच घालणे भाग आहे: उत्तर अक्षांश १९ अंश ८ कला, पूर्व रेखांश ७२ अंश ५१ कला.

याहून नाजूक प्रकरण घड्याळाचे. यंत्राच्या पोटातील घड्याळ स्थानिक वेळेवर आहे की ग्रिनिचच्या, असे पपी आरंभीच विचारतो, आणि येथे चुकीची जबानी दिली की साडेपाच तासांचा, म्हणजे साडेब्याऐंशी अंशांचा घोटाळा होतो. फेब्रुवारीच्या आरंभी रात्री दहाच्या सुमारास जो व्याध दक्षिणेस ऐन माथ्याच्या वाटेवर असावयाचा, तो माझ्या पडद्यावर ओशिवऱ्याच्या बाजूस बुडण्याच्या बेतात दिसला. वेळेच्या बाबतीत या शहराचा हट्ट जुनाच आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाल्यावरही ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे चालणारी ‘मुंबई वेळ’ येथे १९५५ पर्यंत नांदत होती. त्या ३९ मिनिटांची भर माझे वडील मनातल्या मनात घालीत असत.

सर्व स्थिरस्थावर झाल्यावर यंत्र बंद करिताना पपी अदबीने विचारतो की, आजचा कारभार फाइलीत नोंदवून ठेवू काय. परक्या भाषेतील कोणत्याही होय-नाहीस ‘नाही’ म्हणावे, या बँकेच्या फोनांनी लावलेल्या शिस्तीप्रमाणे मी ‘नाही’ म्हटले, आणि तीन रात्रींची वेधशाळा, जामीनदारांसह, एका क्षणात निकालात निघाली. चौथ्या रात्री ‘होय’ म्हटले.

शेवटचा संस्कार प्रामाणिकपणाचा. कार्यक्रमात प्रकाशप्रदूषणाची एक ते नऊ अशी प्रतवारी आहे; जॉन बोर्टल यांनी ती २००१ साली घालून दिली, आणि नववी प्रत महानगराच्या गाभ्याची. मी नऊ हा आकडा घातला. सहा लाखांचे दप्तर पाहता पाहता रिकामे होऊन पडद्यावर तीच गोरगरीब मंडळी उरली, जी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, दिवा मालवल्यास, फुकट दिसतात: व्याध, अगस्त्य, मृगाचे दोन-तीन तारे, आणि पुष्कळ खटपटीने प्रश्वा. हा प्रश्वा लघुलुब्धकातला, म्हणजे आकाशातल्या लहान कुत्र्याचा. त्यास पाहून कारभाऱ्याविषयीचा माझा आदर वाढला.

ही मंडळी समक्ष पाहावीशी वाटल्यास गच्ची लागते, आणि गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे असते. दरखास्त आठ दिवस अगोदर, लेखी, सदनिका क्रमांकासह द्यावी. कारणाच्या रकान्यात ‘पाण्याच्या टाकीची पाहणी’ असे लिहावे. ‘व्याध’ असे लिहिलेली माझी दरखास्त अद्याप विचाराधीन आहे.