शिफारस हेक्टरी, शेतकरी एकरी

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ दरवर्षी एकत्र बसतात. या बैठकीला 'जॉइंट ॲग्रेस्को' म्हणतात. तिथे नवे वाण मांडले जातात, अवजारांना मान्यता मिळते आणि एकेका शिफारशीचा कीस पाडला जातो. त्यामागे अनेक हंगामांचे प्रयोग असतात. शिफारस मंजूर झाली की उरतं एवढंच, की ती शेतकऱ्याला सांगायची. आपल्याकडे सोपी कामं नेहमी शेवटी ठेवतात आणि मग ती शेवटपर्यंत राहतात.

शिफारस हेक्टरी असते. शेतकरी एकरात आणि गुंठ्यात जगतो. औषधाची मात्रा 10 लिटर पाण्याला सांगितलेली असते; पाठीवरचा पंप 15, 16 नाहीतर 20 लिटरचा. समजा 10 लिटरला 4 मिली, तर 16 लिटरला 6.4 मिली. हे पॉइंट चार मिली वावराच्या धुऱ्यावर, सुटलेल्या वाऱ्यात मोजायचं कशात? बाटलीच्या टोपणात. कीड कमी दिसली तर एक टोपण, जास्त दिसली तर दीड. पत्रकावर 16 लिटरची मात्रा छापायला शाई तेवढीच लागते, पण दहाने शास्त्र कसं नीटनेटकं दिसतं!

बरं, फवारणारा हात बहुतेकदा मजुराचा. त्याच्या नावावर सातबारा नाही, म्हणून तो लाभार्थी नाही, म्हणून त्याला मेळाव्याचं निमंत्रण नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, त्यांत शेतमजूरही होते. हातमोजे घाला, मास्क लावा, वाऱ्याच्या दिशेने फवारा, हे सगळं पत्रकात होतंच. पत्रक मालकाच्या घरी होतं.

समजावून सांगण्याच्या कलेचा आपला सर्वोच्च आविष्कार मात्र कपाशीत घडला. 2002 मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या कापसाला, परवानगी मिळाली. 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅमची एक वेगळी पिशवी यायची, साध्या, बीटी नसलेल्या बियाण्याची. ती शेताच्या कडेने लावायची. हेतू असा, की त्या झाडांवर काही अळ्या सुखाने जगाव्यात, त्यांचे पतंग बीटीला पुरून उरलेल्या पतंगांशी जुळावेत आणि विषाला न जुमानणारी पिढी लवकर तयार होऊ नये. शास्त्र बिनतोड आहे. पण ऐकणाऱ्याच्या कानाने ऐका: बोंडअळीपासून सुटका म्हणून ज्याने महागाचं बियाणं घेतलं, त्यालाच सांगायचं, की आता अळ्यांसाठी तुझ्याच वावरात खानावळ उघड. आणि सांगणार कोण? पाकिटातली बारीक अक्षरांची घडी.

पिशव्या धुऱ्यावर पडून राहिल्या. काहींनी नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला वापरल्या. त्या पट्ट्यात घट आली तर भरपाई कोण देणार, हे कुणी बोललं नव्हतं, आणि हिशेब शेतकऱ्यालाही येतो. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातली बोंडं पोखरली. कारणं अनेक होती: उशिरा येणारे वाण, फरदड (हंगाम संपल्यावरही वावरात उभी ठेवलेली कपाशी), जिनिंगमध्ये साठलेला कापूस. 'शेतकऱ्यांनी नियम पाळला नाही' हे कारण मात्र सगळ्यांच्या तोंडी सर्वांत आधी आलं. पुढे तोडगा निघाला: साधं बियाणं बीटीच्याच पाकिटात मिसळून द्यायचं. इतकी वर्षं माणसांना जे समजावता आलं नाही, ते पाकिटाने न बोलता करून टाकलं.

मग शेतकरी विचारतो कुणाला? 2003 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या सुमारे 40 टक्के शेतकरी कुटुंबांनीच कुठून ना कुठून तांत्रिक माहिती मिळाल्याचं सांगितलं होतं. त्यात पहिला नंबर शेजारच्या प्रगतिशील शेतकऱ्याचा, दुसरा बियाणं-औषधांच्या दुकानदाराचा. 2013 च्या पाहणीतही आकडा 41 च्या आसपासच. धोरणात सातत्य हवं म्हणतात, ते हेच.

कृषी सेवा केंद्रात उभं राहून पाहावं. शेतकरी कागदात गुंडाळलेलं पान काउंटरवर ठेवतो. दुकानदार पानाकडे ओझरतं बघतो आणि विचारतो, "भाऊ, किती एकर? पंप कोणता? पैसे आता की कापूस विकल्यावर?" तीन प्रश्नांत त्याने जमीन, अवजार आणि खिसा जाणून घेतला. मग तो दोन औषधं देतो आणि वर एक टॉनिक, ज्याची पानाला गरज नसते, दुकानाला असते. निदान करणारा आणि बिल करणारा एकच असला की रोग वाढतातच. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने 2003 मध्ये या दुकानदारांसाठीच पदविका काढली, ती उगीच नव्हे.

सरकारी मेळाव्यात असे प्रश्न विचारून कुणी वेळ घालवत नाही. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक, मार्गदर्शन, पुन्हा मार्गदर्शन. हजेरीच्या वहीत नाव आणि मोबाइल नंबर. अक्षांश-रेखांशासह फोटो. जेवण तयार असल्याची घोषणा झाली की मग शंकासमाधान.

"साहेब, फरदड घेऊ नका म्हणता. डिसेंबरात पऱ्हाटी उपटली तर त्या वावरात पेरू काय? विहिरीत पाणी नाही."

"फार छान प्रश्न विचारलात, काका. आमच्या स्टॉलवर भेटा."

काका स्टॉलवर जातात. तिथे त्यांना एक रंगीत घडीपत्रिका मिळते. मथळा असतो: 'फरदड टाळा'.

साधनं कमी आहेत असं नाही. किसान कॉल सेंटर 2004 पासून आहे. 2025 मध्ये राज्याने 'महाविस्तार' हे एआय ॲप आणलं. ते मराठीत उत्तर देतं आणि त्याचा सत्कार करावा लागत नाही. पण पाणी नसलेल्या विहिरीचा प्रश्न फोनवर आला काय आणि ॲपवर आला काय, तो पुन्हा प्रयोगशाळेच्या टेबलावर जाऊन बसल्याशिवाय त्याचं उत्तर कुठून येणार? खालून वर जाणारी गोष्ट सध्या एकच आहे: अहवाल. त्यात 'किती शेतकऱ्यांना मार्गदर्शन केले' असा रकाना असतो आणि तो हटकून भरलेला असतो.

आमचा प्रस्ताव छोटा आहे. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा: 'शेतकऱ्यांनी काय विचारले आणि कशाचे उत्तर देता आले नाही'. भरलेले रकाने पुढच्या ॲग्रेस्कोत, वाणांच्या सादरीकरणाआधी, मोठ्याने वाचावेत. यासाठी इमारत, निविदा, वाहन किंवा उद्घाटक यांपैकी काहीही लागत नाही. प्रस्ताव फेटाळायला कारण म्हणून तेवढं पुरे आहे.