मुद्देमाल कुठून आणायचा?

नांदेड जिल्ह्यात गोदावरीतून काही काढणे हा मोठा गुन्हा आहे. चोरून वाळू उपसणारे सापडले की महसूलचे पथक तराफे जाळते, बोटी जिलेटिनने उडवते आणि ट्रॅक्टर तहसीलच्या आवारात आणून लावते. जमीन महसूल संहितेचे कलम 48 वाळूच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड ठोकते. नदीत काही टाकणाऱ्याच्या वाट्याला असा थाट येत नाही. शहरातले नाले दिवसाढवळ्या पात्रात उतरतात, पण त्यांच्यासाठी कोणी जिलेटिन काढत नाही.

यात महसूलचा दोष नाही. वाळूचोराकडे मुद्देमाल सापडतो. कचरा टाकणाऱ्याकडे सापडतो रिकामा टिप्पर. माल त्याने आधीच रस्त्याकडेला जनतेच्या स्वाधीन केलेला असतो. मग पंचनाम्यात लिहायचे काय?

लिहायचा तो न केलेला खर्च. राडारोडा ठरलेल्या जागी नेण्याचे डिझेल, विल्हेवाटीचे शुल्क, सांडपाणी शुद्ध करण्याची वीज, हे सगळे वाचले तीच कमाई. ब्रिटनमध्ये गुन्ह्याची कमाई जप्त करण्याचा कायदा 2002 साली झाला. तिथली न्यायालये बेकायदा कचरा टाकून वाचवलेले पैसेसुद्धा कमाईत धरतात. आपल्याकडे अशा माणसाला व्यवहारी म्हणतात आणि पुढचा ठेका देतात.

भारतातला मनी लाँडरिंगविरोधी कायदाही 2002 चाच. 2009 च्या दुरुस्तीने पाणी, हवा आणि पर्यावरण या तिन्ही कायद्यांखालचे गुन्हे त्याच्या यादीत घातले. म्हणजे जिच्या नुसत्या नावाने भल्याभल्यांना पक्षांतराची उबळ येते, ती ईडी नांदेडच्या तुप्पा कचरा डेपोवरही नाकाला रुमाल लावून उभी राहू शकली असती. तो योग काही आला नाही. 2023 मध्ये जनविश्वास कायदा आला. त्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातला पाच वर्षांचा तुरुंग काढून 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड ठेवला आणि हवा व पर्यावरण हे दोन कायदे ईडीच्या यादीतूनही वगळले. विश्वास नेमक्या कोणत्या जनांवर टाकला, हे कायद्याच्या नावात स्पष्ट केलेले नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये मुरादाबादच्या एका निर्यातदार कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय हरित लवादामार्फत ईडीला बोलावण्याची वाटही बंद केली. लवादाने कंपनीला उलाढालीकडे बघून 50 कोटींचा दंड लावला होता आणि ईडीलाही चौकशीला धाडले होते. न्यायालयाने दोन्ही गोष्टी रद्द केल्या. ईडीला असा आदेश देणे लवादाच्या अधिकारात बसत नाही.

तरी लवादाने एकदा सर्वांत मोठा मासा धरला होता. घनकचरा आणि सांडपाण्याची विल्हेवाट न लावल्याबद्दल सप्टेंबर 2022 मध्ये त्याने महाराष्ट्र शासनालाच 12 हजार कोटींचा दंड केला. हे पैसे राज्याने वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ते खाते राज्याच्याच मुख्य सचिवांच्या सूचनेने चालायचे! या खिशातून त्या खिशात जाण्यापूर्वीच त्यांना सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले 311 प्रदूषित नदीपट्टे मोजले. त्यातले 55 महाराष्ट्रातले निघाले. पहिला क्रमांक कायम.

वसुली कशी करतात ते लातूरला विचारावे. एप्रिल 2016 मध्ये तहानलेल्या शहरासाठी मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे धावली आणि मेमध्ये सुमारे 4 कोटींचे बिल जिल्हाधिकारी कार्यालयात येऊन पोहोचले. प्रशासनाने मागितले म्हणून पाठवले, असा खुलासा रेल्वेने केला. पाणी आणले तर लिटरचा हिशोब लागतो. लातूरचा कचरा वर्षानुवर्षे वरवंटी गावच्या डेपोवर जाऊन पडला, त्याच्या मुक्कामाचे भाडे मात्र कोणी लावले नाही.

उद्या वरवंटीच्या ग्रामस्थांनी दुर्गंधी, माश्या आणि धुराचे बिल महापालिकेला पाठवलेच, तर ते कोणत्या लेखाशीर्षाखाली घ्यायचे, हे ठरवायला समिती नेमावी लागेल. समिती पाहणीला येण्याच्या आदल्या दिवशी डेपोवर औषध फवारावे लागेल. फवारणीचे बिल त्याच आठवड्यात निघेल.